अमावास्येला कोठी रिकामी करणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई मोघे यांची आणि माझी पहिली भेट प्रेमनगरातल्या त्यांच्या ऑफिसात झाली, मे महिन्यातल्या एका दुपारी, आणि त्या भेटीत त्या माझ्याशी जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत. मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो होतो. वडील रेल्वेत, भुसावळहून बदली होऊन झाशीला आलेले. इथे कोणी मराठी बाई सॉफ्टवेअरची कंपनी चालवतात हे कळल्यावर आईने मला इस्त्रीचा शर्ट घालून पाठवले होते. ताईंनी मला एका संगणकासमोर बसवले, एक कळ दाबली आणि म्हणाल्या, "हे संपेपर्यंत बस. हात नको लावू." पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. कूलरमधले पाणी संपले, कोणीतरी ते पुन्हा भरले. एक्केचाळीस मिनिटांनी सगळे थांबले तेव्हा मी दोनदा पाणी पिऊन, खुर्चीत शंभरदा चुळबुळ करून, शेवटी नाइलाजाने पडद्यावरच्या ओळी वाचत बसलो होतो. "एक ओळ दोनदा येते आहे," मी म्हणालो. "सोमवारपासून ये," ताई म्हणाल्या. मुलाखत एवढीच.

ताईंच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथात त्यांचे कार्य, त्यांची मूल्ये आणि त्यांचा स्नेह यांविषयी लिहावे, असे संपादकांनी मला सुचवले आहे. त्याच क्रमाने लिहिण्याचा प्रयत्न करतो. पण झाशीतल्या मराठी मंडळींना ताईंबद्दल एक गोष्ट ठाऊक आहे आणि ती चुकीची ठाऊक आहे. नवजात बाळाच्या औषधाची ती गोष्ट. त्या प्रकरणानंतर ताईंच्या नावाला जो डाग लागला तो अजून तसाच आहे, आणि तो पुसल्याशिवाय मला त्यांचा गौरव करता येणार नाही. ताईंनी मला याबद्दल बोलायला मनाई केलेली आहे. म्हणून हा लेख छापून होईपर्यंत त्यांना दाखवू नये, अशी विनंती मी संपादकांना केली आहे.

आधी काम. आम्ही रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. आम्ही जे लिहितो ते माणसाला वाचता येते, यंत्राला जसेच्या तसे चालत नाही. त्याचे तुकडे तपासून, जोडून, यंत्राला चालेल असे रूप तयार करावे लागते. याला आम्ही बिल्ड म्हणतो. एक शब्द बदला, बिल्ड करा, बघा, पुन्हा बदला, असा आमचा दिवस जातो. त्या काळी एका बिल्डला एक्केचाळीस मिनिटे लागत. माणसे कळ दाबून खाली चहाला जात आणि वर येईपर्यंत आपण काय बदलले होते तेच विसरत. ताईंनी पंधरा दिवस एक वही घेऊन नुसती वेळ टिपली. कोणत्या टप्प्याला किती मिनिटे, किती सेकंद. आम्ही मागून हसायचो. पंधरा दिवसांनी त्या म्हणाल्या की यंत्राला आठ हात आहेत आणि आपण एकच चालवतो आहोत, शिवाय बाहेरून मागवायच्या गोष्टी रोज नव्याने मागवतो आहोत. मग त्यांनी कामाचे तुकडे केले, ते एकाच वेळी चालतील असे लावले, बाहेरच्या वस्तूंची एक प्रत ऑफिसातच ठेवली. शेवटी त्यांनी कोठी सुरू केली.

कोठी हा ताईंचा शब्द. त्यांच्या घरी धान्याच्या खोलीला कोठीच म्हणतात. एकदा तयार झालेला तुकडा कोठीत ठेवायचा. पुढच्या वेळी कोणीही तोच तुकडा मागितला, आणि ज्या फायलींतून तो बनतो त्यांत काही बदल नसला, तर नव्याने न बनवता कोठीतला काढून द्यायचा. तपासणीचेही तसेच. एकदा तपासून पास झालेले असेल तर तोच निकाल द्यायचा. कोणकोणत्या फायलींवर लक्ष ठेवायचे याची एक यादी असते, सगळा भरवसा त्या यादीवर. ताईंनी ती स्वतःच्या हाताने लिहिली होती. एक्केचाळीस मिनिटांचे काम दोन मिनिटांच्या आत आले. मला आठवते, पहिल्या दिवशी मी कळ दाबून सवयीने उठलो आणि जिन्यापर्यंत पोचायच्या आत काम संपल्याची घंटी वाजली. मी तिथेच उभा राहिलो. खरे सांगायचे तर आनंदापेक्षा मला थोडी भीतीच वाटली.

वाचलेला वेळ ताईंनी ऑफिसला दिला नाही. "ही मिनिटं घरची आहेत," असे म्हणून त्या साडेपाचला स्वतः उठून पंखे बंद करत. आमचे हरगोविंद भैया समथरचे. आठवडाभर झाशीत खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी गावी जायचे. पूर्वी त्यांची नेहमीची बस चुकायची, कारण बिल्ड संपत नसे. आता शनिवारी चार वाजले की ताई विचारत, "हरगोविंद जी, अजून इथेच?" आणि भैया लाजून पिशवी उचलत. माझे वडील निवृत्त झाले आणि रेल्वेचे क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा खंडेराव गेटजवळचे घर ताईंनी शोधून दिले. सामान लावायला त्या स्वतः आल्या, आणि आईच्या देवांना जागा पसंत पडेपर्यंत दोन भिंतींवर खिळे ठोकून पुन्हा काढले. असे किती सांगू.

हरगोविंद भैयांबद्दल मात्र थोडे अधिक सांगायला हवे. औषधाच्या मात्रेचा भाग त्यांचा. बाळाचे वजन, वय, औषध एवढे भरले की किती द्यायचे ते सांगणारा आणि त्याची पर्ची छापणारा. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याच्या हाताने तुकडा तयार होतो त्याचे नाव त्यात आपोआप उमटते आणि पर्चीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापले जाते. शेजारची तारीख मात्र ज्या दिवशी पर्ची निघेल त्या दिवसाची. मात्रांच्या कमाल मर्यादांची एक फाइल रुग्णालयाकडून रोज सकाळी येई. मजकूर महिनोन्‌महिने तोच, पण तारीख रोज नवी. त्यामुळे यंत्राला वाटे की फाइल बदलली, आणि भैयांचा तुकडा रोज सकाळी नव्याने बने आणि तपासला जाई. चार मिनिटे जात. मला ती चार मिनिटे सहन होईनात. माझा स्वभावच तसा, कुकरची शिटीसुद्धा मला उशिरा वाजल्यासारखी वाटते. मी भैयांना म्हटले की यादीतून ही फाइल काढून टाकू या. भैया मान न वळवता म्हणाले, "जा लकीर न हटाओ, भैया. कभऊँ काम परहै." ही ओळ काढू नको, कधीतरी तिचे काम पडेल, असे ते बुंदेलीत सांगत होते.

त्या शनिवारी दुपारी मी ती ओळ काढली. कोणाला सांगितले नाही. तारखेऐवजी मजकूर बघायला सांगणे हा खरा उपाय होता, पण त्याला अर्धा दिवस लागला असता आणि ओळ खोडायला एक क्षण पुरला. मी बदल सगळ्यांच्या यंत्रांवर पाठवला. मग जाण्यापूर्वी भैयांनी सवयीने एकदा कळ दाबली, आणि माझ्या बदलानंतरचा पहिला तुकडा त्यांच्या हाताने बनून, तपासून, कोठीत जाऊन बसला. चार वाजता त्यांनी पिशवी उचलली. रविवारी सकाळी समथरला अंगणात दात घासताना ते कोसळले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याला आम्ही सगळे समथरला गेलो. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडले. दुपारी पूजा मला म्हणाली, "सर, एक मिनट आइए." पूजा झाशीच्या जुन्या मराठी घरातली. मराठी सगळे समजते, बोलते हिंदीत. तिच्या पडद्यावर मात्रेची पर्ची होती. तळाशी लिहिले होते: हरगोविंद. शेजारी त्या दिवशीची तारीख. "ये नाम कौन डाल रहा है?" तिने विचारले. मी तारीख पुन्हा वाचली. दुपारची वेळ, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हते, आणि कोपऱ्यात भैयांचा संगणक चालू होता. कोठी त्याच यंत्रावर असल्यामुळे तो बंद करता येत नव्हता. कोणीतरी पडद्यावर टॉवेल टाकला होता, आणि टॉवेलखालून पंख्याचा आवाज येत होता.

ताईंनी आम्हाला समजावले. भैयांनी शेवटी जे बनवले त्यात नंतर कोणी काही बदल केलेला नाही, म्हणून कोठी तेच देते आहे. नव्याने बनवले तर नाव जाईल, बस. हा तुकडा तर पूर्वी रोज सकाळी आपोआप नव्याने बने, मग आता का बनत नाही, हे त्या दिवसांत कोणाला सुचले नाही, मलाही नाही. "मग बनवायचं?" मी विचारले. ताईंनी टॉवेलची घसरलेली कड सारखी केली. "त्यांना अजून कोणी सांगितलंच नाहीये असं समजू," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे." आणि आम्ही राहू दिले. कोणाच्या मनात आले नाही असे नाही, पण कोणाचा हात उठला नाही. हळूहळू सवय झाली. सकाळी आले की पूजा आधी पर्ची काढून नाव बघायची आणि मगच कामाला बसायची. कळ दाबली की घंटी इतक्या लगेच वाजायची की कोणीतरी आपल्या आधी येऊन काम आटोपून बसले आहे असे वाटायचे. मी कोपऱ्याकडे पाठ करून बसायला लागलो. मग पाठीकडे कोणी बघते आहे असे वाटून पुन्हा खुर्ची फिरवली.

असा महिना गेला. मग एके सकाळी रुग्णालयाकडून मर्यादांची फाइल आली ती खरोखर बदललेली होती. एका औषधाची नवजात बाळांसाठीची मर्यादा डॉक्टरांनी निम्म्यावर आणली होती. सोबतच्या पत्रात तसे लिहिले होते, मी ते वाचले. फाइल जागेवर ठेवली, कळ दाबली. आठ सेकंदांत सगळे हिरवे. बिल्ड पास, तपासणी पास. बारा वाजता मी नवे सॉफ्टवेअर रुग्णालयात चढवले आणि जेवायला बसलो.

सव्वातीनच्या सुमारास ताईंनी मला बोलावले. त्यांच्या समोर ती जुनी वही होती. वेळ टिपायची सवय त्यांनी कधी सोडली नव्हती हे मला त्या दिवशी कळले. "हे वाच," त्या म्हणाल्या. मात्रेच्या तपासणीला रोज किती वेळ लागला त्याचा रकाना होता. तीन मिनिटे बावन्न सेकंद आणि वर चारशे सतरा सहस्रांश. खाली तेच. त्याखाली तेच. अख्खे पान, एका अक्षराचा फरक नाही. "माणूस रोज तितक्याच श्वासांत जिना चढत नाही, निखिल," ताई म्हणाल्या. "यंत्रही नाही. आणि तू सांगतोस बिल्ड आठ सेकंदांत झाला. मग ही तीन मिनिटं बावन्न सेकंद आज तपासत कोण होतं?"

मला कळायला क्षणभर लागला. आज कोणीच तपासले नव्हते. महिनाभर कोणी तपासले नव्हते. तो हिरवा निकाल, त्याच्या वेळेच्या आकड्यासकट, एका शनिवारी दुपारचा होता, बसची घाई असलेल्या माणसाचा, आणि तो रोज आम्हाला आजचा म्हणून मिळत होता. नवी मर्यादा आत गेलीच नव्हती. मी ताईंना ओळ खोडल्याचे सांगितले. सगळे सांगितले, भैयांनी नको म्हटले होते तेही. ताईंनी एकच प्रश्न विचारला, "औषध किती वाजता देतात?" चार वाजता. रुग्णालयाचा फोन लागेना. ताईंनी पायात चपला सरकवल्या आणि आम्ही रिक्षाने निघालो. रस्ता मोकळा होता, तरी मला तो संपेना. ताई मांडीवर वही धरून समोर बघत होत्या.

नवजात बाळांच्या विभागात पोचलो तेव्हा चारला सात मिनिटे होती. तिथे फार शांत होते, काचेच्या पेट्यांतून बारीक आवाज येत होते तेवढेच. तिसऱ्या पेटीत तीन दिवसांची एक मुलगी होती. नाव ठेवलेले नव्हते, मनगटावरच्या पट्टीवर आईचे नाव, सरोज. शेजारी ट्रेमध्ये भरलेली सिरिंज आणि तिच्याखाली पर्ची. ताईंनी पर्ची उचलून मला दाखवली. जुनी मर्यादा. म्हणजे दुप्पट औषध. खाली हरगोविंद, आजची तारीख.

"सिस्टर, ये मत दीजिए," ताई म्हणाल्या. सिस्टर वयस्क होत्या, शांत. त्यांनी पर्ची परत घेऊन चष्म्यातून पाहिली. "मैं हर पर्ची दोबारा हाथ से जोड़ती हूँ, दीदी," त्या म्हणाल्या. "बस हरगोविंद जी का नाम हो तो नहीं जोड़ती. आठ साल में उनकी एक भी गलत नहीं निकली." मग जरा हसून म्हणाल्या, "उनसे कहिएगा, बहुत दिन से आए नहीं." ताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "सिस्टर, वे नहीं रहे. डेढ़ महीना हो गया." सिस्टरांनी एकदा पर्चीकडे, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "फिर ये रोज..." एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी सिरिंज उचलून बेसिनमध्ये रिकामी केली. मग त्यांनी कागद घेऊन मात्रा हाताने काढली. आम्ही दोघे ती होईपर्यंत उभे राहिलो. मुलगी पूर्ण वेळ झोपलेली होती.

परत आल्यावर ताईंनी सगळ्यांना बसवले. ती ओळ त्यांनी स्वतः यादीत परत लिहिली, आणि फाइलच्या तारखेऐवजी मजकूर बघण्याची सोयही लावली. मग कोपऱ्यात जाऊन टॉवेल काढला, घडी घातली. "हरगोविंद जी, अब रहने दीजिए," त्या म्हणाल्या आणि त्यांनी कोठी रिकामी केली. पहिल्यापासून बिल्ड सुरू झाला. कोणी उठायचे नाही, कोणी बोलायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. पूजा ओढणीने डोळे पुसत होती. काम संपले तेव्हा पर्चीवर नवी मर्यादा होती आणि तळाशी माझे नाव, कारण कळ मला दाबायला लावली होती. पर्ची आधी रुग्णालयात गेली, सिस्टरांनी हाताने पडताळून होकार दिला, आणि मगच आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी रुग्णालयाला पत्र लिहिले. यादीतला बदल आपण केला, चूक सर्वस्वी आपली. मी विरोध केला तेव्हा म्हणाल्या, "तुला अजून पुष्कळ वर्षं काम मागायला जायचंय. माझं नाव झिजलं तर चालेल. आणि ते नाव राहू दे असं मीच म्हटलं होतं ना? तेव्हा चूक माझी नाही असं कोण म्हणेल?" मी पुष्कळ बोलू शकलो असतो. मी गप्प बसलो. घरी आई होती, निवृत्त वडील होते, ही कारणे मी स्वतःला देत आलो, पण खरे कारण एवढेच की मी घाबरलो होतो. त्या रुग्णालयाने आमच्याकडचे काम काढून घेतले, बाकीची रुग्णालये टिकली. गावात बोलले गेले की ताईंचे वय झाले, त्यांच्या हातून बाळ जायचे थोडक्यात वाचले. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी मुलांना संगणक शिकवायला ताईंना बोलवत, ते बंद झाले. ताई तरीही आरतीला येत आणि मागे उभ्या राहत. मी त्यांच्या शेजारी उभा असे आणि लोक माझी विचारपूस करत.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाज आहे. दर अमावास्येला दुपारी कोठी रिकामी करायची आणि सगळे पहिल्यापासून बनवायचे. अमावास्याच का, तर ताई म्हणतात की कॅलेंडरवर काळा ठिपका असतो, कोणी विसरत नाही. आम्हाला तेवढेच कारण आहे असे वाटत नाही, पण कोणी विचारत नाही. त्या अर्ध्या तासात कीबोर्डवर हात नसतो. काम संपले की ताई एकेका तुकड्याचे नाव वाचतात आणि ज्याने तो बनवला त्याने "मी" म्हणायचे. मात्रेच्या तुकड्याशी त्या जराशा थांबतात. आम्ही सगळे कोपऱ्याकडे बघतो. नवीन आलेल्या मुलांना यातले काही माहीत नाही, तरी त्या क्षणी तीही कोपऱ्याकडे बघतात. मग मी "मी" म्हणतो आणि पंखे लावले जातात.

तर झाशीकर मंडळींनो, ती ओळ मी खोडली होती. सुनंदाताईंनी नाही. त्यांनी ती चूक पकडली, त्या बाळाच्या उशाशी सात मिनिटे आधी पोचल्या, आणि मग माझ्या वाटणीची बदनामी इतकी वर्षे शांतपणे स्वतःच्या अंगावर घेऊन वावरल्या. मी त्यांना तसे वावरू दिले. आज ते सांगण्याइतका मोठा मी झालो तो त्यांच्यामुळेच, आणि ते सांगायला इतका उशीर लावला तो माझा मी.

ताई, हे वाचून तुम्ही माझ्यावर भयंकर रागावणार आहात. मनाई मोडली म्हणून, चारचौघांत बोललो म्हणून. रागवा. माझ्याशी बोलू नका. तुम्हाला निरोगी, खणखणीत आयुष्य मिळो, आणि हा राग पुढची चाळीस वर्षे पुरून उरो. मी रोज साडेनऊला येईन आणि तुमच्या समोर बसून तो सोसेन.